गोठवलेली म्हणजे शिळी नव्हे!

मे महिन्यात सदरच्या मंगळवारी बाजारात सकाळी मांडलेली पालकाची जुडी दुपारपर्यंत मान टाकते. विक्रेता तिच्यावर पाणी शिंपडतो, ओले गोणपाट पांघरतो. पण पारा ४५ अंशांकडे सरकला की त्या पाण्याचे फारसे काही चालत नाही. संध्याकाळी कामावरून परतणारा माणूस तीच जुडी 'ताजी भाजी' म्हणून पिशवीत टाकतो. जवळच्याच एखाद्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये मटारचे पाकीट असते. त्याकडे मात्र अनेक घरांत 'शिळे', 'पाहुणे आले तरच' किंवा 'आळशी माणसाचे अन्न' म्हणून पाहिले जाते. आहारशास्त्राच्या कसोटीवर हा निवाडा टिकत नाही. भाजी किती जुनी आहे यापेक्षा तोडल्यापासून ताटात येईपर्यंत ती किती वेळ आणि किती उष्णतेत राहिली, हे अधिक महत्त्वाचे असते. दोन्ही भाज्यांची हीच चौकशी केली, तर उन्हाळ्यात फ्रीझरमधल्या मटारची बाजू बरीच भक्कम ठरते.

या भाजीबद्दलची दुसरी तक्रार मात्र खरी आहे. ती बेचव लागते, तिला पाणी सुटते, दाणे सुरकुततात, फ्लॉवरचा लगदा होतो. पण हा दोष बहुतेक वेळा पाकिटाचा नसतो. ताज्या भाजीची रीत जशीच्या तशी गोठवलेल्या भाजीला लावल्याने तो येतो. ही रीत बदलायला पैसा लागत नाही, थोडे विज्ञान लागते.

प्रश्न फक्त चवीचा नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे तीत सुचवले आहे. चौघांच्या घरात याचा अर्थ रोज दीड किलोच्या आसपास भाजी. हिवाळ्यात हे जमण्यासारखे असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत मेथी, पालक, मटार, गाजर, फ्लॉवर, ओल्या तुरीच्या शेंगा यांनी बाजार भरलेला असतो आणि भावही आवाक्यात असतात. खरी परीक्षा एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत असते. तेव्हा भाज्यांची आवक घटते, भाव चढतात आणि जे मिळते तेही सुकलेले असते. मग ताटात बटाटा, कांदा, बेसन आणि वड्या यांचाच फेरा सुरू होतो.

विदर्भातल्या घरांनी या तीन महिन्यांसाठी पूर्वीपासून सोय करून ठेवली होती. वाळवलेली हरभऱ्याची भाजी, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, मूगवड्या, सांडगे ही सगळी उन्हाचाच उपयोग करून केलेली साठवण. नाशवंत भाजीतले पाणी काढून टाकले की जिवाणूंना वाढायला जागा उरत नाही, हे त्यामागचे सूत्र. गोठवणे हे त्याच सूत्राचे दुसरे रूप आहे. यात पाणी भाजीतच राहते, पण बर्फ झाल्यामुळे जिवाणूंना ते वापरता येत नाही. वाळवणाला कोणी शिळे म्हणत नाही. मग गोठवलेल्या मटारलाच तो शब्द का लावायचा? उलट उन्हात वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो; गोठवताना तो त्यामानाने अधिक टिकतो.

पाकिटात जाण्याआधी काय घडते?

झटपट गोठवण्याच्या आधुनिक पद्धतीचे श्रेय अमेरिकेच्या क्लेरेन्स बर्ड्सआय याला दिले जाते. १९१२ नंतरची काही वर्षे तो कॅनडातील लॅब्राडोरच्या बर्फाळ प्रदेशात राहिला. तिथे पकडलेली मासळी बोचऱ्या वाऱ्यात क्षणात कडक होई आणि कित्येक आठवड्यांनी शिजवली तरी ताज्यासारखी लागे. मंद गतीने गोठवलेल्या मासळीला मात्र ती चव नसे. हे निरीक्षण त्याने यंत्रात उतरवले आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहराच्या दुकानांत त्याची गोठवलेली मासळी, मांस, फळे आणि भाज्या विक्रीला आल्या.

गतीला एवढे महत्त्व का? पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते. गोठण्याची क्रिया सावकाश झाली, तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि भाजीच्या पेशींच्या भिंती फोडतात. पुढे भाजी वितळली की त्या फाटक्या पेशींतून रस गळतो. हेच ते कढईतले 'सुटलेले पाणी'. क्रिया झपाट्याने झाली, तर स्फटिक बारीक राहतात आणि पेशींचे नुकसान कमी होते. कारखान्यात उणे ३० ते ४० अंशांच्या हवेच्या जोरदार झोतात मटारचे दाणे जवळजवळ तरंगत ठेवतात. काही मिनिटांत प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे गोठतो. म्हणूनच चांगल्या पाकिटातले दाणे सुटे असतात, त्यांचा गोळा झालेला नसतो.

गोठवण्याआधी आणखी एक पायरी असते आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. भाजी एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात आणि लगेच गार करतात. शेंग तोडल्यानंतरही दाण्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, काम करत असतात. ती रंग, वास आणि चव बिघडवतात आणि थंडीने त्यांचे काम मंदावते, पण थांबत नाही. उष्णतेचा हा छोटा झटका त्यांना निष्प्रभ करतो. म्हणजेच पाकिटातला मटार कच्चा नसतो, तो अर्धवट शिजलेला असतो. अनेक स्वयंपाकघरांतली चूक नेमकी इथे होते. अर्धवट शिजलेल्या दाण्याला पुन्हा कुकरच्या तीन शिट्ट्या दिल्या जातात.

पोषण किती उरते?

उकळत्या पाण्याच्या त्या झटक्यात क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात, कारण ती पाण्यात विरघळतात. हे मान्य करायला हवे. पण त्यानंतरच्या साठवणीत घट सावकाश होते. तंतू, खनिजे आणि प्रथिने बहुतांशी जशीच्या तशी राहतात. शेतातून बाजारात, बाजारातून हातगाडीवर आणि तिथून घरच्या टोपलीत फिरणाऱ्या पालेभाजीचे क जीवनसत्त्व मात्र उष्णतेत दिवसागणिक घटत जाते. मटारचे आणखी एक आहे. शेंग तोडल्यानंतर दाण्यातली साखर हळूहळू स्टार्चमध्ये बदलते. म्हणून तीन दिवसांच्या 'ताज्या' शेंगांतला दाणा पिठूळ लागतो आणि तोडल्यावर काही तासांत गोठवलेला दाणा गोड लागतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१५ मध्ये मका, गाजर, पालक, मटार, फरसबी यांच्यासह ८ फळे-भाज्यांची ताजी आणि गोठवलेली रूपे तपासली. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ५ प्रकारांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि ३ प्रकारांत गोठवलेल्या रूपातच ते अधिक होते. बीटा कॅरोटिन मात्र काही प्रकारांत गोठवल्यानंतर बरेच घटलेले दिसले. यातून गोठवलेली भाजी सरस आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल; ती कनिष्ठ आहे असे सरसकट म्हणणेही तितकेच चुकीचे आहे.

एक भेद मात्र डोळ्यांत तेल घालून पाळायला हवा. त्याच फ्रीझरमध्ये बटाट्याचे फ्रेंच फ्राइज, टिक्की, नगेट्स, कटलेटही असतात. ती भाजी नव्हे. त्यांत मीठ, तेल आणि पीठ मिसळलेले असते आणि घरी ती पुन्हा तळली जातात. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत केवळ 'मटार' किंवा 'मका' असा एकच शब्द असेल, तरच ते पाकीट भाजीचे.

कढईतले शास्त्र

पहिला नियम: पाकीट आधी काढून ओट्यावर वितळवत ठेवू नये. वितळण्याच्या त्या तासाभरात पेशींतला रस गळतो, दाणा मऊ पडतो आणि नागपूरच्या उष्णतेत जिवाणूंनाही मोकळे रान मिळते. हवी तेवढी भाजी फ्रीझरमधून काढून थेट गरम कढईत टाकावी. दाण्यांवर बर्फाचा चुरा असेल तर तो चाळणीत झटकून टाकावा. बर्फ तापलेल्या तेलात पडला की तेल उडते आणि हात भाजतो. फोडणीत आधी कांदा परतून घेतला, तर तेलाचा ताव थोडा उतरतो आणि हा धोका कमी होतो.

दुसरा नियम: कढई पसरट, आच मोठी आणि भाजी थोडी. एक किलो गोठलेली भाजी एकदम टाकली की कढई थंड पडते, पाण्याची वाफ होण्याआधीच ते साचते आणि भाजी परतण्याऐवजी उकडली जाते. पातळ थर, उघडी कढई आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटे न ढवळता मिळालेला ताव, एवढ्याने निम्मे काम होते. झाकण आणि वरून पाणी या दोन्ही गोष्टी सुक्या भाजीत टाळाव्यात. मीठ शेवटी घालावे, कारण मीठ लवकर पडले की भाजीतले पाणी बाहेर ओढले जाते.

तिसरा नियम: वेळ कमी. मटार आणि मक्याच्या दाण्यांना चांगल्या तावावर ४-५ मिनिटे पुरतात. आतपर्यंत वाफाळते गरम झाले की झाले. उसळ किंवा रस्सा करायचा असेल, तर कांदा, खोबरे, मसाला आधी पूर्ण शिजवून घ्यावा, उकळी आणावी आणि मग मटार घालून पाचेक मिनिटांत गॅस बंद करावा. मसालेभातात तांदूळ पाऊण भाग शिजल्यावर मटार मिसळून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर भात पूर्ण होऊ द्यावा.

चौथा नियम रंगाचा. टोमॅटो, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणात हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा दाणा मळकट दिसू लागतो. म्हणून टोमॅटो आधी शिजवून घ्यावा, मटार शेवटी. रंगासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची सवय काही घरांत आहे. रंग राहतो खरा, पण क आणि ब-१ जीवनसत्त्वांचा नाश होतो आणि दाण्याचा लगदा होतो. ती सवय सोडलेलीच बरी.

तरीही पाणी सुटलेच तर? त्याचा उपाय मराठी स्वयंपाकात आधीच आहे: पीठ पेरणे. गोठवलेला फ्लॉवर किंवा फरसबी-गाजराची मिश्र भाजी फोडणीत मोठ्या आचेवर परतावी, वरून भाजलेले बेसन भुरभुरावे आणि बाजूने चमचाभर तेल सोडावे. सुटलेले पाणी पिठात मुरते, भाजी खमंग होते, प्रथिनेही वाढतात आणि थोडी भाजी चौघांना पुरते. गोठवलेला पालक याच न्यायाने वापरावा. तो घट्ट पिळून पाणी वेगळे करावे, पालक डाळीत किंवा झुणक्यात घालावा आणि ते पाणी कणीक भिजवायला घ्यावे. त्यात उतरलेली जीवनसत्त्वे मोरीत ओतण्याचे कारण नाही.

प्रत्येक भाजी या मार्गाने चांगली होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मटार, मका, फरसबी, गाजराचे तुकडे आणि पालक गोठवण्यात चांगले टिकतात. फ्लॉवर मध्यम. काकडी आणि कोशिंबिरीचा कोबी यांचा कुरकुरीतपणा पेशींच्या ताठपणावर अवलंबून असतो. तो गोठवण्यात हरवतो आणि परत येत नाही. कच्चा बटाटा काळपट आणि रवाळ होतो.

भाव दाण्याचा, शेंगांचा नव्हे

गोठवलेली भाजी महाग असते, हा समज अर्धाच खरा आहे. हिशेब शेंगांच्या नव्हे, खाल्ल्या जाणाऱ्या दाण्याच्या वजनावर करायला हवा. एक किलो शेंगा सोलल्यावर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम दाणे हाती लागतात. म्हणजे शेंगांचा भाव किमान दुप्पट केला की दाण्याचा खरा भाव कळतो. समजा, जानेवारीत शेंगा ४० रुपये किलो आहेत आणि किलोला ४५० ग्रॅम दाणे निघाले. मग दाणे सुमारे ९० रुपये किलो पडले. गोठवलेले पाकीट समजा १५० रुपये किलो असेल, तर जानेवारीत ते घेण्यात शहाणपण नाही. पण शेंगा ७० रुपयांच्या वर गेल्या की पारडे फिरते आणि १०० रुपयांना शेंगा घेणारा दाण्यासाठी २२० रुपयांहून अधिक मोजत असतो. भाव दर आठवड्याला बदलतात, गुणाकार बदलत नाही.

या हिशेबात वेळही धरायला हवा. दोन किलो शेंगा सोलायला जाणारा वेळ बहुतेक घरांत बाईचाच असतो आणि तो फुकट समजला जातो. नोकरी करून घर सांभाळणारी स्त्री, एकटे राहणारे वृद्ध, खोली घेऊन शिकणारी मुले यांच्यासाठी मूठभर भाजी लागेल तेव्हा काढून बाकीची तशीच ठेवता येणे ही मोठी सोय आहे. एका माणसाने आणलेला अख्खा फ्लॉवर अनेकदा अर्धा सडून टाकावा लागतो. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात देशात भाज्यांचे ४.५८ ते १२.४४ टक्के नुकसान काढणी ते विक्री या टप्प्यांतच होत असल्याचे दिसले. घरच्या टोपलीतली नासाडी त्यापलीकडची.

थंडीची साखळी तुटू नये

या सगळ्या बाजूने बोलणाऱ्या मुद्द्यांना एकच अट आहे: भाजी कारखान्यापासून घरापर्यंत सतत उणे १८ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. नागपूरसारख्या शहरात हीच सर्वांत कच्ची कडी आहे. वीज गेली, दुकानाचा फ्रीझर तासनतास बंद राहिला, दार उघडे राहिले की दाणे वितळतात आणि पुन्हा गोठतात, तेही सावकाश, म्हणजे मोठ्या स्फटिकांसह. अशा पाकिटात दाण्यांचे गठ्ठे होतात आणि आत बर्फाचा थर जमतो. घेताना पाकीट हलवून पाहावे. दाणे खुळखुळले तर घ्यावे, दगडासारखा एकच गोळा लागला तर परत ठेवावे.

उन्हाळ्यात हे पाकीट खरेदीच्या शेवटी घ्यावे, वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि वाटेत कुठे न थांबता घरी आणावे. किंचित मऊ झाले तर त्याच दिवशी शिजवावे. पूर्ण वितळून कोमट झालेले आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेले पाकीट टाकून द्यावे. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल, तर ही मर्यादा एका तासाची. नागपुरात मे महिन्यात एका तासाचाच नियम लागू होतो.

घरच्या फ्रिजबद्दलही एक गैरसमज आहे. दारावरचे तारे विजेच्या बचतीचे असतात. फ्रीझर किती थंड होतो हे त्यांवरून कळत नाही. एका दाराच्या लहान फ्रिजचा वरचा कप्पा भर उन्हाळ्यात उणे १८ अंशांपर्यंत पोहोचेलच असे नाही. सोपी चाचणी आइस्क्रीमची. ते कप्प्यात दगडासारखे घट्ट राहत असेल, तर भाजी दोन-तीन महिने ठेवायला हरकत नाही. ते मऊ राहत असेल, तर लहान पाकीट आणून आठ-पंधरा दिवसांत संपवावे. वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये; भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. लहान कप्प्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नये.

थंडी जिवाणूंची वाढ रोखते, त्यांना मारत नाही. २०१८ मध्ये युरोपीय यंत्रणांनी गोठवलेल्या मक्यातून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीचा शोध हंगेरीतल्या एका कारखान्यापर्यंत नेला. तोपर्यंत ५ देशांत ४७ जण आजारी पडले होते आणि ९ जणांचा मृत्यू झाला होता. म्हणून गोठवलेला मका किंवा मटार नुसता वितळवून कोशिंबिरीत टाकू नये. वाफ निघेपर्यंत गरम करावा. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी हा नियम अपवाद न करता पाळावा.

बिगरहंगामात सुटे विकले जाणारे हिरवेगार दाणेही तपासून घ्यावेत. वाळलेला वाटाणा भिजवून, रंगवून 'ताजा' म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली चाचणी घरातच करता येते. पेलाभर पाण्यात थोडे दाणे टाकून अर्धा तास ठेवावेत. पाण्याला हिरवा रंग आला, तर दाणे रंगवलेले आहेत.

सोले घरीच गोठवताना

नागपूरकरांना गोठवणे नवे नाही. ओल्या तुरीचे सोले हिवाळ्यात सोलून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि सोलेभात, सोलेवांगी, सोल्यांची आमटी यांची हौस उन्हाळ्यात भागवायची, हे अनेक घरांत चालते. मटार स्वस्त असताना तोही याच रीतीने ठेवावा. खर्चाच्या दृष्टीने हाच सर्वांत किफायतशीर मार्ग. फक्त सोले तसेच पिशवीत कोंबले की दोन महिन्यांत त्यांना वाळल्या गवतासारखा वास येतो, कारण विकरे जागीच असतात.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे. अर्धा किलो सोल्यांना चार लिटर पाणी असावे, म्हणजे उकळी मोडत नाही. मटार दीड मिनिट, तुरीचे सोले साधारण दोन मिनिटे पाण्यात ठेवावेत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ बुडवावेत. मग निथळून सुती कापडावर पूर्ण कोरडे करावेत. साखर, मीठ, सोडा काहीही लागत नाही. कोरडे दाणे ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यावेत आणि नंतर पिशवीत भरून हवा दाबून काढावी. पिशव्या लहान आणि चपट्या असाव्यात. चपटी पिशवी लवकर गोठते, म्हणजे स्फटिक बारीक राहतात; आणि एका वेळची भाजी एका पिशवीत असली की बाकीची पुन्हा पुन्हा वितळत नाही. पिशवीवर तारीख लिहावी.

दुकानातला थर्मामीटर

गोठवलेल्या भाजीवरचे काही आक्षेप खरे आहेत. तिला प्लॅस्टिकचे वेष्टन लागते, वीज लागते आणि हंगामात शेतकरी व भाजीवाले यांना वगळून पाकीट घेणे कोणाच्याच हिताचे नाही. म्हणून क्रम स्पष्ट असावा. हंगामात बाजारातली ताजी भाजी, स्वस्ताईत घरी गोठवलेली किंवा वाळवलेली, आणि ही दोन्ही संपली की दुकानातले पाकीट. एप्रिल ते जूनच्या टंचाईत ताटातून भाजीच नाहीशी होण्यापेक्षा गोठवलेली भाजी शंभर पटींनी बरी.

पण ग्राहकाने एवढे शिकायचे, तर दुकानदार आणि अन्न व औषध प्रशासन यांच्यावरही काही जबाबदारी येते. गोठवलेले अन्न विकणाऱ्या प्रत्येक फ्रीझरवर ग्राहकाला दिसेल असा थर्मामीटर असावा आणि उन्हाळ्यात त्या तापमानाची अचानक तपासणी व्हावी. थर्मामीटरचा खर्च किरकोळ आहे. आज ग्राहकाकडे पाकीट हलवून पाहण्यापलीकडे काही साधन नाही; पुढे त्याला आकडा वाचता येईल. ४५ अंशांच्या शहरात फ्रीझरची काच थंडगार दिसणे आणि आतली भाजी खरोखर उणे १८ अंशांत असणे यांत मोठे अंतर असू शकते. ते अंतर ग्राहकाने डोळे झाकून मान्य करू नये. सदरमधल्या दुकानात पुढच्या वेळी पाकीट उचलताना 'तापमान किती आहे?' हा प्रश्न दहा जणांनी विचारला, तरी थर्मामीटर लागायला सुरुवात होईल.